मागच्या दारावरचा हुकूम

पावांची दुसरी खेप भट्टीतून निघाली तेव्हा मोठी मागच्या अंगणात ट्रे घासत होती आणि तिची मुलगी चिमणी तिच्यापुढे पाठ करून बसली होती. हात ओले असल्यामुळे वेणी अर्धीच राहिली होती.

घरात सगळे तिला ‘मोठी’ म्हणत. थोरल्या मुलाची बायको म्हणून मिळालेले ते नाव नवरा गेल्यानंतरही तिच्याकडे राहिले. बाकीचे एकेक करून गेले होते. आधी दुकानातली तिची बसायची जागा गेली, मग माडीवरची खोली. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी तिचा आणि चिमणीचा बिछाना मागच्या खोलीत हलवला. तिथे पूर्वी मैद्याची रिकामी पोती ठेवत. “तात्पुरतं आहे गं,” त्या म्हणाल्या होत्या. पोत्यांचा वास भिंतींतून अजून गेला नव्हता.

धाकटा, म्हणजे तिचा दीर, गरम पावाचा तुकडा फुंकत अंगणात आला. बेकरी आता तोच चालवत होता.

“चिमणे, हा घे. शाळेत जाताना खा.”

“काका, तुमचा आवाज बेडकासारखा झालाय.”

“मग मला डबक्यात सोडून ये. तिथं तरी कुणी पाव मागणार नाही.”

चिमणी खिदळली. त्याच तुकड्याचा अर्धा भाग त्याने स्वतः खाल्ला आणि उरलेला तिच्या हातावर ठेवला. मोठीने ते पाहिले आणि त्यात वावगे असे तिला काही वाटले नाही. वाटण्यासारखे तेव्हा काही नव्हतेच.

दहाच्या सुमारास नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक आला. गावात घटसर्पाची साथ होती. घटसर्प घशात बसतो, तिथे राखाडी पापुद्रा धरतो आणि लहान मुलांचा श्वास कोंडतो. म्हणून खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या घरांतल्या सगळ्या माणसांच्या घशातले नमुने घ्यायचे ठरले होते. या घरातले नमुने चार दिवसांपूर्वी गेले होते.

निरीक्षक स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. सासूबाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली.

“सतरा नंबर,” तो म्हणाला आणि वही उघडली. “सतरा नंबरच्या घशात जंतू सापडले.”

“सतरा म्हणजे कोण?”

त्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

“नुसता घसा बसलाय,” तो म्हणाला. “ताप नाही, काही नाही.”

“मोठ्या माणसाला होतच नाही फारसं. पण हुकूम तो हुकूम. चौदा दिवस शटर खाली, घरातलं कुणी बाहेर नाही, पुढच्या दारावर कागद.”

धाकटी जाऊ तान्ह्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने तिथेच बसकण मारली. “चौदा दिवस! आणि नंतर तरी कोण घेईल आमचा पाव?”

निरीक्षकाने बिस्किट चहात बुडवले. तो दुष्ट माणूस नव्हता. आपण कागदापेक्षा माणसांचे बघतो, असे त्याला मनापासून वाटे आणि ते तो बोलूनही दाखवी.

“प्रयोगशाळेला नाव ठाऊक नसतं,” तो सावकाश म्हणाला. “त्यांना नंबर ठाऊक. नंबरापुढचं नाव माझ्या वहीत. आणि फॉर्ममध्ये एक रकाना आहे. ‘रुग्णाचा स्वयंपाक स्वतंत्र आहे काय?’ हो लिहिलं, की ते निराळं घर धरतात. मग कागद फक्त त्या दारावर लागतो. बाकी घर मोकळं.”

सासूबाईंची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली, मागोमाग धाकटीची, आणि शेवटी धाकट्याचीही.

“आणि नंतर तपासलं तर?” मोठीने विचारले. तिचा आवाज शांत होता. ट्रेचा काथ्या अजून तिच्या हातात होता.

“तेच तर सोपं आहे. चौदाव्या दिवशी तुमचे दोन नमुने घ्यायचे. ते स्वच्छच येणार. सगळं नियमात बसतं.”

“पण आजारी तर भाऊजी आहेत.”

“आजारी कसला?” सासूबाई म्हणाल्या. “चांगला चालता-बोलता आहे. अगं, तू काही दुकानात उभी राहत नाहीस. धाकटीच्या अंगावर मूल आहे. मी म्हातारी, मी त्या खोलीत चौदा दिवसांत मरेन. उरलं कोण, तूच सांग.”

“चिमणीचं काय?”

“ती इकडे झोपेल, माझ्याजवळ. तिला कशाला कोंडून घालतेस?”

मोठीने धाकट्याकडे पाहिले. “भाऊजी, तुम्ही माडीवर वेगळे झोपाल? ताट-वाटी वेगळी ठेवाल? चिमणीजवळ जाणार नाही?”

“वहिनी, शब्द देतो,” तो म्हणाला. त्या क्षणी तो खरे बोलत होता.

हुकुमाच्या पिवळ्या कागदावर तिने सही केली. कुणी तिचा हात धरून ती करवून घेतली नाही. या घरात आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतो, हे तिला दोन वर्षांत पहिल्यांदाच कळत होते. ती सही तिने स्वच्छ, ठळक अक्षरात केली.

तासाभरात मागच्या खोलीत जुना स्टोव्ह, दोन पातेली आणि पाण्याची घागर येऊन पडली. स्वतंत्र स्वयंपाक तयार झाला. निरीक्षकाने तो पिवळा कागद काढला आणि विचारले, “चिकटवायला खळ मिळेल का जरा?”

“मोठी, घाल गं मूठभर मैदा,” सासूबाई म्हणाल्या.

आपल्या दारावरच्या हुकुमाची खळ तिनेच शिजवली. गुठळी होऊ दिली नाही.

बाहेरून कडी लागली, कडीवर कागदाची पट्टी चिकटली आणि अंगणात स्टुलावर एक पहारेकरी येऊन बसला. तो पालिकेचाच जुना नोकर होता. दिवसातून चार वेळा खिडकीतून तिला गोळी द्यायची आणि ती गिळताना बघायची, एवढे त्याचे काम.

“तोंड उघडा वहिनी. जीभ वर करा. हां, गेली.”

“तुमच्या बायकोलाही असंच औषध देता का?”

“तिच्यासमोर मीच तोंड उघडत नाही, तर तिला काय सांगू,” तो म्हणाला, आणि मोठीला त्या खोलीत पहिल्यांदा हसू आले.

पण गोळी तिच्या पोटात जात होती. गोळ्या रुग्णाच्या नावाने येत आणि रुग्ण म्हणून नाव तिचे होते. निरोगी घशावर दिवसातून चार वेळा उपचार होत होते आणि ज्या घशात जंतू होते तो माणूस पुढे उभा राहून गिऱ्हाइकांना पाव बांधून देत होता. दुसऱ्या दिवशी तिने एक गोळी गालाआड धरून ठेवली आणि जेवणाच्या ताटात लपवून परत पाठवली. सासूबाईंनी ताट उकळत्या पाण्यात बुडवताना ती पाहिली आणि खिडकीशी येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, “हे असले उद्योग करू नकोस. कुणी पाहिलं म्हणजे? त्याला हळद-पाणी देतेय मी.”

शब्द तिसऱ्या दिवशी मोडला. माडीवर उकडते म्हणून धाकटा खाली पुढच्या खोलीत झोपू लागला. चिमणी तिथेच झोपत होती. हे मोठीला चिमणीकडूनच कळले.

“आई, काका मला हिशेब शिकवतात झोपताना. आणि आम्ही एकाच पेल्यातून दूध पितो, आधी ते, मग मी.”

“आजीला बोलाव,” मोठी म्हणाली.

आजी आली नाही. तिच्या पायाला म्हणे कळ लागली होती.

पाचव्या दिवशी दवाखान्यातली नर्स तपासायला आली. तोंडाला फडके बांधलेली, कमी बोलणारी बाई. तिने खिडकीतून मोठीचा घसा बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहिला.

“घसा एकदम स्वच्छ आहे. दुखलाच नाही कधी?”

मोठीने तोंड उघडले. तेवढ्यात अंगणापलीकडे सासूबाई चिमणीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या तिला दिसल्या. त्या हाताचा अर्थ तिला कळला. नवऱ्यामागे या मुलीला घर म्हणून एवढेच होते.

“नाही दुखला,” ती म्हणाली.

“वाहक असाल. जंतू असतात, पण त्रास होत नाही.” नर्सने वहीत लिहिले आणि थोडी रेंगाळली. “स्वयंपाक तुमचा खरंच वेगळा असतो?”

“हो.”

वही बंद करण्याआधी नर्सने त्या रकान्याखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली.

खोलीत वाचायला काही नव्हते. खिडकीच्या आतल्या बाजूला हुकुमाची एक प्रत लावली होती आणि तिच्या तळाशी बारीक टायपात आजाराची लक्षणे छापली होती. मोठी ती पुन्हापुन्हा वाचत असे. मानेला सूज. नाकातून पाण्यासारखा स्राव. घशात राखाडी पापुद्रा. तो ओढून काढू नये. लहान मुलांत श्वासाचा आवाज. विलंब करू नये.

नवव्या दिवशी दुपारी चिमणी खिडकीशी आली. शाळेचे दप्तर जमिनीवरून ओढत होती.

“आई.” आवाज फाटका होता.

“उजेडात ये. आणखी इकडे. तोंड उघड, मोठं.”

ऊन थेट घशात पडले. डाव्या बाजूला, गाठीवर, राखेसारखा पापुद्रा होता. हाताच्या नखाएवढा.

मोठीने हाक मारली तेव्हा सासूबाई आल्या, धाकटी आली, धाकटाही दुकानातून आला.

“घसा धरलाय पोरीचा,” सासूबाई म्हणाल्या. “गुळण्या देते.”

“तो घटसर्प आहे. मी पाहिलाय. तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.”

“हळू बोल,” धाकटी म्हणाली. “पुढं गिऱ्हाइकं आहेत.”

“वहिनी, पाचच दिवस उरलेत,” धाकटा म्हणाला. त्याला नजर वर करवत नव्हती. “पाच दिवसांनी तुमचा कागद निघेल. आता या दारावर दुसरा लागला, तर सगळंच... उद्यापर्यंत बघू. नसेल कमी तर नेऊ. मी स्वतः नेईन.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“मग मी काय मुद्दाम केलं?”

मोठी पहारेकऱ्याकडे वळली. “दादा, नर्सबाईंना बोलवा.”

तो स्टुलावरून उठला आणि पुन्हा बसला. “वहिनी, घरात कुणी आजारी असेल तर घरच्यांनी कळवायचं. रुग्णाच्या सांगण्यावरून मोकळं घर तपासायचा हुकूम नाही मला. मला फक्त हे दार.”

तिने त्याच्याकडे पाहिले, मग दाराकडे. दार जुने होते, कडीचे खिळे भिजट लाकडात बसवलेले. तिसऱ्या धक्क्याला ते उचकटले. पिवळ्या पट्टीचे दोन तुकडे झाले.

“मी पळून जात नाहीये,” चिमणीला उचलत ती म्हणाली. “दवाखान्यात चाललेय. तुमचं काम माझ्यावर लक्ष ठेवायचं ना? मग या माझ्या मागं.”

आणि तो खरोखरच मागून चालू लागला. हातात काठी, चेहरा गोंधळलेला, नियमात नेमके काय बसते हे रस्ताभर आठवत. पुढे तोंडावर पदर बांधलेली बाई, तिच्या खांद्यावर घोरल्यासारखा श्वास घेणारी मुलगी. लोक बाजूला होत गेले. “घटसर्पवाली सुटली!” कुणीतरी ओरडले आणि दारे धडाधड लागली. समोरच्या शिंपीणबाईने आपली शटरची फळी ओढताना पाहिले, की मोठी दारादारांपासून अंतर राखून, रस्त्याच्या अगदी मधोमध चालते आहे. शिंपीणबाईची धाकटी मुलगी त्या दिवशी घरातच पडून होती. तिलाही घशाला थोडे दुखत होते. पण रोग तर समोरच्या घराच्या मागच्या खोलीत कोंडलेला होता. तसा कागदच होता.

नर्सने चिमणीला टेबलावर झोपवले, घसा पाहिला आणि लगेच प्रतिविषाचे इंजेक्शन भरायला घेतले. ते टोचून झाल्यावर म्हणाली, “वेळेत आणलंत. एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.”

संध्याकाळपर्यंत निरीक्षक आला. बरोबर सासूबाई आणि धाकटा होते. निरीक्षकाच्या हातात लिहून तयार केलेला जबाब होता.

“हुकूम मोडलात, हा गुन्हा आहे,” तो म्हणाला. “पण आपण समजून घेऊ. एवढंच लिहायचं, की तुम्ही चोरून मुलीला भेटत होता आणि तुमच्यामुळे तिला लागण झाली. सही करा, मग खटला नाही.”

“सही कर गं,” सासूबाई म्हणाल्या. “आपल्यातलं आपल्यात राहील. पोरगी बरी झाली की घरी आणू. नाहीतर तिला घेऊन कुठं जाशील?”

मोठीने जबाब वाचला. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ असे शब्द त्यात होते. नऊ दिवसांपूर्वी तिने घरासाठी आजार स्वतःच्या नावावर घेतला होता. आता त्याच घराला तिच्या मुलीचा आजारही तिच्याच नावावर हवा होता.

“आधी माझा घसा तपासा,” ती म्हणाली. “आणि भाऊजींचा.”

“त्यांचा कशाला? त्यांच्यासाठी हुकूम नाही,” निरीक्षक म्हणाला.

“पाव विकणाऱ्या माणसाचा आवाज बसला असेल तर मला हुकूम लागत नाही,” नर्स म्हणाली. “बसा इथं.”

धाकटा दाराकडे पाहत राहिला. मग आतून चिमणीच्या श्वासाचा आवाज आला, लाकडावर कानस फिरवल्यासारखा. तो खुर्चीवर बसला आणि त्याने तोंड उघडले.

नर्सने दोन नळ्यांवर नंबर घातला नाही. दोन्ही नावे तिने स्वतःच्या हाताने लिहिली.

“सतरा नंबर हेच होते,” मोठी म्हणाली. “खोटी सही मी केली. तेही लिहून घ्या.”

तिचा नमुना स्वच्छ निघाला. पण तो गोळ्यांमुळेही तसा निघाला असता, हे निरीक्षकाने लगेच दाखवून दिले. धाकट्याच्या नमुन्यात मात्र जंतू सापडले. तो निकाल आला तेव्हा नर्सने आपली वही मुख्य डॉक्टरांपुढे उघडली. गावात त्या वेळी अकरा माणसे विलगीकरणात होती. अकरापैकी नऊ बायका होत्या. पाच विधवा, तीन माहेरी परतलेल्या, एक निपुत्रिक आत्या. नऊही जणींचा स्वयंपाक स्वतंत्र. नऊही जणींचा घसा स्वच्छ.

“हा जंतू विधवा निवडून काढत नाही,” नर्स म्हणाली. “निवड घरात झालेली आहे.”

चिमणी वाचली. काही आठवडे ती नाकात बोलत असे आणि पाणी पिताना तिला ठसका लागे, पण वाचली. शिंपीणबाईची मुलगी हुकुमाच्या बाराव्या दिवशी गेली. ती रोज संध्याकाळी चार पाव आणायला समोर जात असे आणि धाकटा तिच्या गालाला हात लावून पाचवा फुकट देत असे. तिला दवाखान्यात न्यायला तीन दिवस उशीर झाला, कारण तिच्या आईने पिवळ्या कागदावर विश्वास ठेवला होता. शेजाऱ्यांना सावध करता यावे, एवढ्यासाठीच तर तो कागद असतो.

निरीक्षकाची चौकशी लागली. ती अजून चालू आहे.

बेकरीवर हुकूम लावायला पालिकेचा दुसरा माणूस आला तेव्हा मोठी चिमणीचे कपडे न्यायला घरी आली होती. त्याने विचारले, “खळ आहे का?” सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मोठीने मागच्या खोलीतला तो स्टोव्ह पेटवला, मैदा कालवला, खळ शिजवली आणि भांडे स्वतः पुढच्या दारी नेले.

शटरच्या आतून धाकटा म्हणाला, “वहिनी, एवढं होईल असं वाटलं नव्हतं.”

“तुम्हाला ठाऊक होतं, भाऊजी,” ती म्हणाली. “ठाऊक असल्यावर वाटायचं काय राहतं?”

त्या दिवशी संध्याकाळी तिने आणि नर्सने एक अर्ज लिहिला. मागण्या दोनच होत्या. स्वतंत्र स्वयंपाकाचा रकाना काढून टाकावा. आणि नमुना ज्याचा, त्याचे नाव त्याच्याच देखत नळीवर लिहावे. अर्जावर गावातल्या माणसांच्या सह्या हव्या होत्या. नर्स म्हणाली, “पहिली सही कुणाची घ्यायची?”

मोठी रस्ता ओलांडून शिंपीणबाईच्या दारात गेली. आत शिवणयंत्रावर एक लहान फ्रॉक अर्धवट शिवून तसाच राहिला होता. शिंपीणबाईने तिला आत बोलावले नाही. हाकलूनही दिले नाही.

“अर्ज आहे,” मोठी म्हणाली. “आणि हा माझ्या दारावरचा पहिला कागद. मी सही केलेला. तुम्हाला माहीत असावं म्हणून आणलाय.”

शिंपीणबाईने आधी पिवळा कागद घेतला. त्यावरची स्वच्छ, ठळक सही ती बराच वेळ पाहत राहिली. मग अर्ज वाचला. त्याच्या तळाशी मोठीने आपले नाव बारीक अक्षरात लिहिले होते.

“हे इतकं लहान का लिहिलंस?” ती म्हणाली. “त्या कागदावर लिहिलंस तेवढंच मोठं लिही. दोन्ही सह्या एकाच बाईच्या आहेत, हे वाचणाऱ्याला कळू दे.”

मोठीने नाव खोडले आणि पुन्हा लिहिले. मग शिंपीणबाईने तिच्या हातून लेखणी घेतली, आणि खाली, सहीच्या जागी, आधी आपल्या मुलीचे नाव लिहिले, नंतर स्वतःचे.